स्पाईकमधली माहिती बिटांत कशी मोजायची: नवख्यांसाठी पायरी-पायरीने

मेंदूतला एखादा न्यूरॉन बाहेरच्या जगाबद्दल नेमकं किती सांगतो, हे बिटांत मोजता येतं (एक बिट म्हणजे समसमान शक्यतेच्या एका हो-नाही प्रश्नाचं उत्तर). त्यासाठी स्वतःची प्रयोगशाळा लागत नाही. लॅपटॉप, कामापुरतं पायथन आणि फुकट मिळणारा चांगला डेटा एवढ्यावर काम होतं. अडचण वेगळीच आहे. पहिल्या दिवशी जो आकडा हाती येतो तो जवळजवळ नेहमी फुगलेला असतो, आणि तो फुगवटा इतका गोंडस दिसतो की काढून टाकावासा वाटत नाही. या लेखाचा मोठा भाग त्या फुगवट्यासाठीच राखून ठेवला आहे. पाठ्यपुस्तकं सूत्र देतात आणि पुढे सरकतात, आणि नवखा माणूस अडकतो तो नेमका तिथेच.

एम.एस्सी. किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातला विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. संभाव्यता म्हणजे काय आणि लॉगॅरिदम कसा घेतात, एवढं माहीत असलं की पुरे.

आधी थोडी पूर्वपीठिका

१९२६ साली केंब्रिजमध्ये एडगर एड्रियन आणि इंग्वे झॉटरमन यांनी बेडकाच्या स्नायूला वजनं टांगून त्याच्या संवेदी चेतातंतूतले विद्युत ठोके, म्हणजेच स्पाईक, टिपले. वजन वाढलं की ठोक्यांची संख्या वाढायची, पण प्रत्येक ठोक्याचा आकार तोच राहायचा. म्हणजे माहिती ठोक्याच्या उंचीत नव्हती, ते किती वेळा आणि केव्हा पडतात यात होती. एड्रियनना १९३२ चं नोबेल मिळालं. क्लॉड शॅननचा माहिती सिद्धांत १९४८ मध्ये आला आणि चारच वर्षांत मॅके आणि मॅककलक यांनी प्रश्न विचारला: ठोके नुसते मोजण्याऐवजी त्यांच्या वेळाही वापरल्या, तर न्यूरॉन किती जास्त माहिती वाहू शकेल?

आजही वाद याच प्रश्नावर चालतो. १९९८ मध्ये स्ट्राँग, बियालेक आणि सहकाऱ्यांनी ब्लोफ्लाय जातीच्या माशीच्या एच-१ नावाच्या, हालचाल ओळखणाऱ्या न्यूरॉनवर हे मोजून दाखवलं. ३ मिलिसेकंदांच्या कप्प्यांत मोजल्यावर सेकंदाला सुमारे ७८ बिट माहिती मिळाली. ठोक्यांच्या एकूण वैविध्यापैकी साधारण निम्मं वैविध्य उद्दीपनाबद्दल, म्हणजे माशीला दाखवलेल्या हालचालीबद्दल, काही सांगत होतं, उरलेला निम्मा भाग गोंगाट. त्यांची पद्धतच आपण लहान प्रमाणावर वापरणार आहोत.

लागणाऱ्या गोष्टी

- ८ जीबी रॅमचा लॅपटॉप (१६ असेल तर उत्तम) आणि निदान २० जीबी मोकळी जागा
- पायथन, त्यात नम्पाय, सायपाय, मॅटप्लॉटलिब आणि पांडाज
- ॲलन इन्स्टिट्यूटचा डेटा उतरवून घेण्यासाठी ॲलनएसडीके. तो पायथनच्या नव्या आवृत्तीशी भांडतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळं एन्व्हायर्नमेंट करा
- एक वही. खरंच. कोणता न्यूरॉन, वेळेची कोणती खिडकी, किती ट्रायल (खेपा) हे कोडमधल्या कॉमेंटच्या भरवशावर सोडू नका

१. प्रश्न एका वाक्यात लिहा

"हा न्यूरॉन माहिती कशी साठवतो?" हा प्रश्न मोजता येत नाही. "चार दिशांपैकी कोणती दिशा पडद्यावर होती, हे या न्यूरॉनच्या पहिल्या अर्ध्या सेकंदातल्या स्पाईकवरून किती कळतं?" हा येतो. उद्दीपन काय, प्रतिसाद काय आणि वेळेची खिडकी कोणती, या तिन्ही गोष्टी वाक्यात आल्याच पाहिजेत. यातली एकही मोघम राहिली तर पुढे जो बिटांचा आकडा येईल तो कशाचा आहे हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

२. डेटा निवडा

सुरुवातीला माझी शिफारस एकच: सिअॅटलच्या ॲलन इन्स्टिट्यूटने २०१९ मध्ये खुला केलेला न्यूरोपिक्सेल्सचा डेटा. न्यूरोपिक्सेल्स ही १० मिमी लांबीची, केसासारखी बारीक सिलिकॉनची सुई. तिच्यावर ९६० संवेदक बिंदू असतात आणि त्यातले ३८४ एका वेळी रेकॉर्ड करता येतात. जागा उंदीर, समोर पडदा आणि मेंदूत एकाच वेळी अशा सहापर्यंत सुया. एकूण ५८ सत्रं आहेत. एका सत्राची फाईल साधारण दोन-तीन जीबीची असते. एलएफपीच्या (आसपासच्या पेशींच्या संथ एकत्रित विद्युत लहरींच्या) फाईली वेगळ्या असतात आणि त्या आपल्याला नकोत, उगाच उतरवत बसू नका.

या ५८ मध्ये दोन संच आहेत आणि त्यांची निवड इथेच नीट करा. 'ब्रेन ऑब्झर्व्हेटरी' संचातल्या ३२ सत्रांत सरकत्या पट्ट्या ८ दिशांनी आणि ५ वेगांनी दाखवल्या आहेत, पण प्रत्येक जोडीच्या फक्त १५ खेपा आहेत. 'फंक्शनल कनेक्टिव्हिटी' संचातल्या २६ सत्रांत दिशा चारच आहेत, पण प्रत्येकीच्या ७५ खेपा. नवखा माणूस पहिला संच उचलतो, कारण त्यात "जास्त काहीतरी" आहे. तुम्ही दुसरा घ्या. माहिती मोजताना उद्दीपनांच्या विविधतेपेक्षा खेपांची संख्या कितीतरी मोलाची असते. का, ते सातव्या पायरीत आकड्यांनिशी दिसेल.

३. न्यूरॉन गाळून घ्या

सुईला ऐकू येते ती आजूबाजूच्या अनेक पेशींची एकत्र कुजबुज. त्यातून एकेका पेशीचे ठोके वेगळे करण्याला स्पाईक सॉर्टिंग म्हणतात. या डेटात ते किलोसॉर्ट या सॉफ्टवेअरने आधीच केलेलं आहे. पण 'युनिट' म्हणून समोर आलेली प्रत्येक गोष्ट खरोखर एकच न्यूरॉन असते असं नाही.

खऱ्या न्यूरॉनला एक ठोका दिल्यावर पुढचा एक ते दोन मिलिसेकंद दुसरा देता येत नाही. म्हणून युनिटच्या लागोपाठच्या स्पाईकमधल्या अंतरांचा हिस्टोग्राम काढा. शून्याजवळ मोकळी दरी दिसली पाहिजे. दरी भरलेली असेल तर दोन-तीन पेशी एकत्र आल्या आहेत. ॲलनएसडीके मुळातच काही गाळण्या लावून देतं: अंतरभंगाची (त्या दरीत पडलेल्या स्पाईकच्या प्रमाणाची) मर्यादा ०.५, अॅम्प्लिट्यूड कटऑफची (फार लहान म्हणून निसटलेल्या स्पाईकच्या अंदाजाची) ०.१. पहिल्या अभ्यासासाठी ०.५ मला सैल वाटतं, मी ०.१ च्या आतले युनिट घेतो. संख्या घटते, पण उरलेल्यांवर भरवसा ठेवता येतो.

पूर्ण सत्रभर टिकलेले युनिटच घ्या. अर्ध्या तासानंतर सुई जराशी सरकली आणि न्यूरॉन हातचा गेला, तर दिशेशी संबंध नसलेला तो बदलही आकड्यांत शिरतो.

४. आकडेमोडीआधी डोळ्यांनी बघा

प्राथमिक दृश्य कॉर्टेक्समधला (डोळ्यांकडून आलेली माहिती कॉर्टेक्समध्ये जिथे आधी पोचते त्या भागातला), बऱ्यापैकी ठोके देणारा एक युनिट निवडा. त्याचा रास्टर काढा: प्रत्येक खेप म्हणजे एक आडवी ओळ, प्रत्येक स्पाईक म्हणजे एक ठिपका, आणि ओळी दिशेनुसार लावलेल्या. इथे घाई नको. चांगला युनिट असेल तर ७५ ओळींचा एक पट्टा गच्च भरलेला दिसतो आणि शेजारचा विरळ. पट्टी दाखवल्यापासून पहिले ४०-५० मिलिसेकंद बहुधा शांत जातात, कारण डोळ्यापासून कॉर्टेक्सपर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतो. तुमची खिडकी ०ला सुरू न करता या शांततेनंतर सुरू करा.

याच चित्रात आणखी एक गोष्ट शोधा. ओळी दिशेऐवजी घड्याळाच्या क्रमाने लावून बघा. सत्राच्या सुरुवातीला दाट आणि शेवटाकडे विरळ असं काही दिसतंय का? उंदीर चाकावर पळत असतो तेव्हा दृश्य कॉर्टेक्समधले अनेक न्यूरॉन जास्त ठोके देतात, हे २०१० पासून नीट माहीत झालेलं आहे. धावण्याचा वेग डेटात दिलेला आहे. पळत्या आणि थांबलेल्या खेपा निदान वेगवेगळ्या रंगांत काढा, म्हणजे न्यूरॉन दिशेबद्दल सांगतोय की पायांबद्दल ते दिसेल.

५. प्रतिसाद ठरवा

सुरुवात साध्या मोजणीने करा: खिडकीत किती स्पाईक पडले. ० ते ८, समजा, असे नऊ प्रकारचे प्रतिसाद. आठाच्या वर फारच थोड्या खेपा असतील तर त्या आठातच धरा.

वेळेचा प्रश्न नंतर. त्यासाठी खिडकीचे बारीक कप्पे करतात आणि प्रत्येक कप्प्यात स्पाईक असेल तर १, नसेल तर ०. चार कप्पे म्हणजे ०१०० सारखे १६ शब्द. आठ कप्पे म्हणजे २५६ शब्द. कप्प्यांची संख्या किती वेगाने शब्दांची संख्या वाढवते ते लक्षात ठेवा.

६. सूत्र हाताने एकदा करून बघा

लायब्ररी वापरण्याआधी हे कागदावर करा. एन्ट्रॉपी म्हणजे अनिश्चिततेचं माप: प्रत्येक शक्यतेची संभाव्यता गुणिले तिचा पाया-२ लॉगॅरिदम, या सगळ्यांची बेरीज, आणि शेवटी चिन्ह उलटं. दोन दिशा, अ आणि ब, प्रत्येकीच्या १० खेपा. अ ला ८ वेळा स्पाईक आला, ब ला २ वेळा.

एकूण २० खेपांपैकी १० वेळा स्पाईक. म्हणजे एकूण एन्ट्रॉपी पूर्ण १ बिट. आता अ माहीत असताना उरणारी अनिश्चितता: ०.८ आणि ०.२ ची एन्ट्रॉपी, म्हणजे ०.७२२ बिट. ब साठीही तेवढीच. वजाबाकी केली की ०.२७८ बिट. ही परस्पर माहिती: न्यूरॉन पाहिल्यावर दिशेबद्दलची अनिश्चितता सरासरी एवढी कमी होते.

दोन दिशांसाठी कमाल १ बिट, चार दिशांसाठी कमाल २ बिट. उत्तर या कमालीच्या वर गेलं तर कोडमध्ये चूक आहे. लॉगॅरिदमचा पाया २ घेतलाय ना, तेही तपासा. नम्पायमधलं साधं लॉग नैसर्गिक पायाचं असतं आणि मग आकडा बिटांऐवजी नॅट्समध्ये येतो.

७. फुगवटा काढा

इथे थांबा आणि नीट वाचा.

चार दिशांच्या प्रत्येकी ७५ खेपा म्हणजे एकूण ३००. प्रत्येक दिशेच्या प्रतिसादांची वाटणी आपण फक्त ७५ नमुन्यांवरून ठरवतो. चावडीवर बसलेल्या चौघांना विचारून अख्ख्या गावाचं मत सांगावं, तसं हे होतं: मतं खऱ्यापेक्षा जास्त एकसारखी दिसतात. म्हणून दिशा माहीत असतानाची एन्ट्रॉपी खऱ्यापेक्षा कमी येते. एकूण एन्ट्रॉपीही कमी येते, पण ती ३०० नमुन्यांवर आधारलेली असल्यामुळे तितकी घसरत नाही. वजाबाकीत फरक वाढतो आणि माहिती नसलेल्या ठिकाणीही माहिती दिसू लागते.

हा फुगवटा किती, याचा पहिला अंदाज मिलर आणि पुढे पानझेरी व ट्रेव्हस यांच्या सूत्रावरून येतो. प्रत्येक दिशेसाठी शक्य प्रतिसादांच्या संख्येतून १ वजा करा आणि या सगळ्यांची बेरीज करा. त्यातून एकूण शक्य प्रतिसाद वजा १ एवढं काढून टाका. उरलेल्याला २ × खेपांची एकूण संख्या × ०.६९३ (२ चा नैसर्गिक लॉग) ने भागा.

आपल्या डेटावर करून बघू. मोजणीचे ९ प्रकार: ४ गुणिले ८, उणे ८, म्हणजे २४. भागिले ४१५.९. फुगवटा ०.०५८ बिट. हे सहज सावरता येतं.

आता आठ कप्प्यांचे २५६ शब्द घ्या: ४ गुणिले २५५, उणे २५५, म्हणजे ७६५. भागिले ४१५.९. फुगवटा १.८४ बिट. कमाल आहे २ बिट! प्रत्यक्षात सगळे २५६ शब्द येत नाहीत, त्यामुळे खरा फुगवटा यापेक्षा कमी असेल. पण "वेळांत मोजणीपेक्षा कितीतरी जास्त माहिती आहे" असा उत्साही निष्कर्ष नवख्या माणसाच्या पहिल्या आलेखात कुठून येतो, हे यावरून कळेल.

चार कप्पे, १६ शब्द घेतले तर ४५ भागिले ४१५.९, म्हणजे ०.१०८ बिट. म्हणून माझा आग्रह आहे की पहिल्या अभ्यासात शब्द चार कप्प्यांपेक्षा लांब घेऊ नका. १० मिलिसेकंदांचा एक कप्पा, ४० मिलिसेकंदांची खिडकी, एवढ्यावर भागवा. आणि १५ खेपांच्या संचाचं काय? तिथे एका वेगाच्या आठ दिशा म्हणजे १२० खेपा. २५६ शब्दांसाठी सूत्र १० बिटांहून मोठा फुगवटा सांगतं, जेव्हा कमाल ३ बिट आहे. एवढ्या तुटपुंज्या नमुन्यांवर सूत्रही कोलमडतं. पाचही वेग एकत्र करून ७५ खेपा करण्याचा मोह होतो. मोजणीसाठी ते चालून जाईल, पण वेळेच्या प्रश्नासाठी नाही, कारण पट्टीचा वेग बदलला की स्पाईकच्या वेळाही बदलतात.

सूत्रावर एकट्यावर विसंबू नका. दुसरी तपासणी अशी: सगळ्या खेपांवर माहिती काढा, मग यादृच्छिक निम्म्यांवर, मग पाव खेपांवर. आडव्या अक्षावर १ भागिले खेपा, उभ्या अक्षावर माहिती. या बिंदूंतून वक्र काढून तो उभ्या अक्षाला कुठे टेकतो ते बघा. तो अनंत खेपा असत्या तर मिळालेला अंदाज. सूत्राचं उत्तर आणि हे उत्तर जवळ आले तर पुढे जा. दूर असतील तर शब्द लहान करा.

८. शफल करून विचारा: हे नुसत्या नशिबाने येईल का?

दिशांच्या चिठ्ठ्या खेपांमध्ये फेटून टाका आणि माहिती पुन्हा काढा. असं ५०० वेळा. दिशेचा संबंध आता तुटलेला आहे, तरी सरासरी शून्य येणार नाही. ती जितकी येते तो फुगवट्याचा आणखी एक अंदाज. तो बहुधा गरजेपेक्षा थोडा जास्त असतो, कारण फेटल्यावर प्रत्येक दिशेच्या वाट्याला सगळ्या प्रकारचे प्रतिसाद येतात. तो वजा केलात तर उत्तर जरा कंजूष निघेल, पण खोटं फुगणार नाही.

५०० पैकी किती वेळा फेटलेला आकडा खऱ्याहून मोठा निघाला? त्यात १ मिळवून ५०१ ने भागा. शंभर न्यूरॉनवर हेच केलं तर काही न्यूरॉन निव्वळ योगायोगाने उत्तीर्ण होतील, म्हणून अनेक तपासण्यांची दुरुस्ती लावा.

उंदीर जागा बदलत फिरत असेल आणि तुम्ही हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातल्या 'प्लेस सेल' (ठरावीक जागी आल्यावर ठोके देणाऱ्या पेशी) पाहत असाल, तर चिठ्ठ्या फेटणं चुकीचं ठरतं, कारण लागोपाठच्या क्षणांत जागा जवळपास तीच असते. तिथे पूर्ण स्पाईक ट्रेन (स्पाईकची सगळी मालिका) वेळेत गोल सरकवतात, म्हणजे शेवटून बाहेर पडलेला भाग सुरुवातीला जोडतात. दर स्पाईकमागे बिट काढण्याचं स्कॅग्ज यांचं १९९३ चं सूत्र तिथे सर्रास वापरलं जातं. त्याचा सापळा असा की फार कमी ठोके देणारा न्यूरॉन त्यात हमखास हुशार दिसतो.

९. आता वेळेचा प्रश्न विचारा

त्याच चार कप्प्यांच्या शब्दांतून दोन आकडे काढा: पूर्ण शब्दाची माहिती, आणि शब्दातल्या नुसत्या १ च्या संख्येची माहिती. दोन्हींची दुरुस्ती करा, मगच वजाबाकी. उरलेला फरक म्हणजे वेळेने दिलेली भर. पडताळणीसाठी प्रत्येक खेपेतले १ त्याच खेपेच्या कप्प्यांत इकडेतिकडे टाका. संख्या तीच, वेळ गेली. फरक नाहीसा झाला पाहिजे.

फरक आला तरी एक गोष्ट मनाशी पक्की असू द्या. पट्टी कधी सुरू झाली हे तुम्हाला फाईलमधून कळतं. उंदराच्या मेंदूला तशी घंटा कोणी देत नाही. पहिल्या स्पाईकला लागलेला वेळ माहिती देतो, असं तुम्ही म्हणाल तेव्हा तो वेळ मेंदू कशाच्या तुलनेत मोजणार, हा प्रश्न येतोच. गोलिश आणि माइस्टर यांनी २००८ मध्ये सॅलमँडरच्या रेटिनावर एक सुंदर उत्तर दिलं: शेजारच्या दोन पेशींच्या पहिल्या ठोक्यांमधलं अंतर घ्या, मग बाहेरचं घड्याळ लागत नाही.

१०. डिकोडरने उलटतपासणी

एका वेळी अनेक न्यूरॉन घेतले की शब्दांची संख्या आवाक्याबाहेर जाते. तेव्हा उलट बाजूने जा: स्पाईकवरून दिशा ओळखणारा साधा डिकोडर शिकवा, न पाहिलेल्या खेपांवर तपासा आणि त्याच्या कन्फ्यूजन मॅट्रिक्समधून (खरी दिशा कोणती आणि ओळखली कोणती, याच्या तक्त्यातून) माहिती काढा. हा आकडा खऱ्या माहितीची खालची मर्यादा देतो. डिकोडर चुकला म्हणून माहिती नव्हती असं होत नाही.

आकडे एका मापात आणणं (नॉर्मलायझेशन) किंवा न्यूरॉनची निवड सगळ्या डेटावर करून नंतर शिकवण्याचा आणि तपासण्याचा भाग वेगळा केला, तर उत्तर आधीच फुटलेलं असतं. आधी विभागणी, मग बाकी सगळं. आणि दहा न्यूरॉनची वेगवेगळी माहिती बेरीज करून गटाची माहिती म्हणू नका. शेजारी न्यूरॉनचा गोंगाट सामाईक असतो.

११. लिहिताना

बिटांच्या आकड्याशेजारी या गोष्टी नसतील तर वाचणाऱ्याला तो निरुपयोगी: खिडकी आणि कप्प्याची रुंदी, प्रत्येक उद्दीपनाच्या खेपा, कमाल शक्य बिट, कोणती दुरुस्ती, दुरुस्तीआधीचा आकडा, शफलची सरासरी. दुरुस्तीआधीचा आकडा लपवू नका. दोन्हींमधली दरी पाहूनच जाणकार वाचक ठरवतो की विश्वास ठेवायचा की नाही.

स्वतः रेकॉर्डिंग करायचं असेल तर

उंदरांवरच्या प्रयोगाला भारतात संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागते. ती मार्गदर्शकामार्फतच मिळते, त्यामुळे पुण्याच्या आयसरसारख्या किंवा बंगळूरच्या एनसीबीएससारख्या ठिकाणी इंटर्नशिपसाठी अर्ज करणं हा सरळ रस्ता. एनसीबीएसची कॅम्प ही उन्हाळी कार्यशाळा आणि ऑनलाईन न्यूरोमॅच अकॅडमी, दोन्हींत संगणकीय न्यूरोसायन्स शिकवतात.

घरी सुरुवात करायची तर बॅकयार्ड ब्रेन्स या कंपनीचा स्पाईकरबॉक्स, म्हणजे ठोके ऐकवणारं छोटं यंत्र, आहे. बर्फाच्या पाण्यात बधिर केलेल्या झुरळाच्या पायात दोन सुया टोचतात आणि पायावरच्या काट्याला काडीने ढकललं की स्पीकरमधून तडतड ऐकू येते. एड्रियनचा प्रयोग तुम्ही टेबलावर करू शकता. हलका, मध्यम आणि जोराचा असे तीन दाब ठरवा, म्हणजे कमाल १.५८ बिट. प्रत्येक दाबाच्या निदान ५० खेपा घ्या. त्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून आधीच ठरवून ठेवा, कारण वेळ जातो तसा पायाचा प्रतिसाद मंदावत जातो. आधी सगळे हलके आणि शेवटी सगळे जोराचे असं केलंत, तर मोजाल ती दाबाची माहिती असेल की पाय थकल्याची, हे नंतर कोणत्याही दुरुस्तीने वेगळं करता येत नाही.